रोनाल्डोला बाहेर बसवायचं का? एका वादातून रिसर्च क्वेश्चन काढताना



सिनॉप्सिसचे दिवस आले की मला येणाऱ्या मेसेजमध्ये एक तक्रार हमखास असते. "ताई, विषय घेऊन गेलो होतो. गाईड म्हणाले, हा विषय झाला, प्रश्न कुठाय?" पहिल्या वर्षी हे वाक्य मीही ऐकलंय. मान डोलावून बाहेर आले होते, पण फरक काही कळला नव्हता.

तो फरक आज फुटबॉलमधून सांगते. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की शाहू स्टेडियम भरतं, आणि वर्ल्ड कप आला की पेठेपेठेत लांबलांबच्या देशांचे झेंडे लागतात. त्यामुळे उदाहरण शोधायला फार फिरावं लागलं नाही. ज्यांना फुटबॉल आवडत नाही त्यांनीही वाचा, ऑफसाइड समजायची गरज पडणार नाही.

वाद असा आहे. ख्रिस्तियानो रोनाल्डो, जन्म ५ फेब्रुवारी १९८५. जून २०२६ मध्ये वर्ल्ड कप सुरू होईल तेव्हा तो ४१ वर्षांचा असेल. पोर्तुगालकडून २२० पेक्षा जास्त सामने आणि १४० पेक्षा जास्त गोल. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये हे दोन्ही विक्रम त्याचेच. तर या माणसाला पोर्तुगालने अजूनही पहिल्या अकरात खेळवायचं का?

एक गट म्हणतो, नाही. ६ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांनी त्याला बाकावर बसवलं, त्याच्या जागी गोंसालो रामोस आला, त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि पोर्तुगालने स्वित्झर्लंडला ६-१ ने झोडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये रोनाल्डो निलंबित होता, लक्झेंबर्गविरुद्ध ९-०. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा निलंबित, आर्मेनियाविरुद्ध ९-१. तो नसला की टीम मोकळी खेळते, अजून काय पुरावा पाहिजे?

दुसरा गट म्हणतो, थांबा. जून २०२५, नेशन्स लीगची सेमीफायनल, जर्मनीविरुद्ध २-१. त्यातला विजयी गोल रोनाल्डोचा. चार दिवसांनी फायनलमध्ये स्पेनशी २-२, बरोबरीचा गोल रोनाल्डोचा, मग पेनल्टीवर पोर्तुगाल विजेता. चाळिसाव्या वर्षी हे करणारा माणूस संपलाय म्हणता?

दोन्हीकडचे आकडे खरे आहेत, कोणीही थाप मारत नाहीये. तरी हा वाद कतारपासून आहे तिथेच आहे. आकडे खरे असूनही वाद पुढे का सरकत नाही, हे एकदा नीट समजलं की तुमचा सिनॉप्सिस अर्धा झाला असं समजा.

आधी प्रश्न कोणता ते ठरवा

"रोनाल्डो संपला का?" हा विषय आहे, प्रश्न नाही. "मोबाईलचा विद्यार्थ्यांवर परिणाम" हा जसा विषय आहे तसाच. कारण या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे प्रश्न आहेत. तो पूर्वीइतके गोल करतो का? तो मैदानात असताना टीम जास्त चांगली खेळते का? त्याच्याऐवजी दुसऱ्याला घेतलं तर टीम अजून चांगली खेळेल का? आणि इतकं देऊन झालेल्या माणसाला बाकावर बसवणं शोभतं का?

पहिल्याचं उत्तर मोजून मिळतं. दुसऱ्याचं मिळतं, पण अवघड आहे. तिसरा सगळ्यात अवघड, आणि प्रशिक्षकाला खरी गरज याच प्रश्नाच्या उत्तराची आहे. चौथ्याला डेटा नाहीच, तो मूल्यांचा प्रश्न आहे. चौथा प्रश्न फालतू आहे असं मी म्हणत नाही. तो महत्त्वाचा आहे, पण त्याचं उत्तर स्प्रेडशीटमध्ये सापडणार नाही. कट्ट्यावर गंमत अशी होते की एकजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, दुसरा तिसऱ्याचं, आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांशी भांडतोय.

"परिणाम" हा शब्द तुमच्या शीर्षकात असेल तर आत्ताच विचारा: कशाच्या तुलनेत परिणाम?

"तो नसताना ९-०"

आता पहिल्या गटाचा सगळ्यात दणकट पुरावा बघू. तो नसला की टीम जास्त गोल करते. इथे नशिबाने आपल्याला एक सुंदर गोष्ट मिळते: तीन संघ असे आहेत ज्यांच्याशी पोर्तुगाल थोड्याच काळात रोनाल्डोसह आणि रोनाल्डोविना, दोन्ही प्रकारे खेळला. प्रतिस्पर्धी तोच, फरक फक्त रोनाल्डोचा. प्रयोगशाळेत आपण जोड्या लावून तुलना करतो, तेच.

लक्झेंबर्ग, २०२३. मार्चमध्ये रोनाल्डोसह ६-०, दोन गोल त्याचे. सप्टेंबरमध्ये रोनाल्डोविना ९-०.

आर्मेनिया, २०२५. सप्टेंबरमध्ये रोनाल्डोसह ५-०, पुन्हा दोन गोल त्याचे. नोव्हेंबरमध्ये रोनाल्डोविना ९-१.

दोन जोड्या, दोन्हींत तो नसताना जास्त गोल. इथे थांबून निष्कर्ष लिहायचा मोह होतो ना? मलाही झाला होता. आता तिसरी जोडी बघा.

स्वित्झर्लंड, २०२२. जूनच्या ५ तारखेला रोनाल्डोसह ४-०, दोन गोल त्याचे. बरोबर एका आठवड्याने, १२ जूनला, त्याला विश्रांती दिलेली, आणि पोर्तुगाल ०-१ ने हरला! मग डिसेंबरमध्ये तो बाकावर असताना ६-१. म्हणजे एकाच वर्षात, एकाच संघाविरुद्ध, त्याच्याविना एक हार आणि एक धुव्वा.

आता आणखी एक रकाना वाढवू, सामना कुठे झाला याचा. लक्झेंबर्गविरुद्धचा ६-० हा लक्झेंबर्गमध्ये झाला, ९-० पोर्तुगालमध्ये. आर्मेनियाविरुद्धचा ५-० येरेव्हानमध्ये, ९-१ पोर्तोमध्ये. स्वित्झर्लंडविरुद्धचा ४-० लिस्बनमध्ये, ०-१ ची हार जिनिव्हामध्ये, आणि ६-१ कतारमध्ये, म्हणजे तटस्थ मैदानावर. तटस्थ मैदानावरचा तो ६-१ बाजूला ठेवला तर उरलेल्या तिन्ही जोड्यांमध्ये पोर्तुगाल घरी असताना निकाल जास्त चांगला आहे. रोनाल्डो असो वा नसो.

याला म्हणतात कन्फाउंडर. मराठीत मी त्याला "घुसखोर घटक" म्हणते. तुम्ही ज्याचा परिणाम मोजताय त्याच्याबरोबर गुपचूप बदलणारी दुसरी गोष्ट. लक्झेंबर्ग आणि आर्मेनिया या दोन्ही जोड्यांत "रोनाल्डो नाही" आणि "घरचं मैदान" हे एकत्र आले. त्यामुळे फरक नक्की कोणामुळे पडला, हे या सहा-सात सामन्यांतून सुटं करताच येत नाही. रोनाल्डोचा परिणाम शून्य आहे असंही यातून सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. एवढंच कळतं की हा पुरावा दिसतो तितका दणकट नाही.

हसू नका, पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. माझं काम एन्झाइमवर आहे. ट्रीटमेंटचे सगळे सॅम्पल मी नव्याने बनवलेल्या बफरमध्ये चालवले आणि कंट्रोल जुन्या बफरमध्ये. फरक इतका देखणा आला की मी तो ग्राफ फोनच्या वॉलपेपरला लावायच्या बेतात होते. आरएसीच्या मीटिंगमध्ये एका सरांनी शांतपणे विचारलं, "बफर कधी बनवलं होतं?" तीन महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात गेलं. बफर म्हणजे माझं घरचं मैदान होतं.

अजून एक घुसखोर आहे, तो आकड्यात दिसत नाही. आर्मेनियाविरुद्धचा सप्टेंबरचा सामना हा दिओगो जोटाच्या अपघाती मृत्यूनंतरचा पोर्तुगालचा पहिलाच सामना होता. दोन महिन्यांपूर्वी, ३ जुलैला, तो गेला होता. त्या दिवशी ती पोरं कशी खेळली असतील, आणि नोव्हेंबरमध्ये कशी, याची तुलना "एक खेळाडू कमी" या एका रकान्यात मावत नाही. तुमच्या डेटाशीटमध्ये शेरा लिहायला एक कॉलम ठेवा असं मी नेहमी सांगते, ते यासाठी.

तो नव्हता, पण का नव्हता?

आता जरा बारीक मुद्दा. खेळाडू सामन्यात नसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि संशोधकासाठी ती सारखी नसतात.

प्रशिक्षकाने विश्रांती दिली असेल तर बहुतेक वेळा सामना सोपा असतो किंवा फारसा महत्त्वाचा नसतो. मग "त्याच्याविना जिंकलो" याचा अर्थ उरतो का? उलट, प्रशिक्षक त्याला फक्त कठीण सामन्यांना खेळवत असेल तर त्याच्यासह टीमचा रेकॉर्ड खराब दिसेल. वैद्यकीय संशोधनात हे नेहमी होतं. जास्त आजारी लोकांनाच ते औषध दिलं जातं आणि मग वाटतं, औषध घेणारे जास्त दगावतात.

पण निलंबनाचं तसं नाही. पिवळी कार्डं साठली आणि एक सामना बाहेर बसावं लागलं, हा निर्णय प्रशिक्षकाचा नसतो. कुठल्या सामन्याला पाळी येईल हे बरंचसं योगायोगावर असतं. म्हणून लक्झेंबर्गविरुद्धचा २०२३ चा सामना, जिथे तो पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता, हा मला विश्रांतीच्या सामन्यापेक्षा जास्त किमती वाटतो. निसर्गानेच नाणं उडवून दिल्यासारखं. संशोधनात याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात, आणि जिथे आपण स्वतः प्रयोग करू शकत नाही तिथे हुशार लोक असे प्रसंग शोधत बसतात.

मग आर्मेनियाविरुद्धचं निलंबनही तसंच का? नाही. तीन दिवस आधी, १३ नोव्हेंबर २०२५ ला, पोर्तुगाल डब्लिनमध्ये आयर्लंडकडून ०-२ हरला आणि त्याच सामन्यात कोपर मारल्याबद्दल रोनाल्डोला लाल कार्ड मिळालं. म्हणजे तो बाहेर का होता, तर टीम एक वाईट सामना खेळली म्हणून. पुढच्या सामन्यात डिवचलेली, वर्ल्ड कपचं तिकीट अजून हातात नसलेली टीम घरच्या मैदानावर उतरली. इथे नाणं उडालेलं नाही. आदल्या सामन्याचा राग पुढच्या सामन्याच्या निकालात घुसलाय.

वरून दोन्ही नोंदी सारख्याच: "निलंबित". डेटा डाउनलोड करून थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकणाऱ्यांसाठी हा परिच्छेद परत वाचण्यासारखा आहे.

एक निर्णय, दोन निकाल

कतारचं उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. स्वित्झर्लंडविरुद्ध रामोसला खेळवलं, ६-१. सांतोस धाडसी ठरले. चार दिवसांनी, १० डिसेंबरला, मोरोक्कोविरुद्ध नेमका तोच निर्णय: रामोस आत, रोनाल्डो बाकावर. पोर्तुगाल ०-१ ने हरून बाहेर. रोनाल्डो दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच उतरला, गोल झाला नाही. आता लोक म्हणायला लागले, एवढ्या मोठ्या खेळाडूला बसवतात का?

निर्णय एकच होता. पहिल्या निकालाने तो शहाणपणाचा ठरला, दुसऱ्याने मूर्खपणाचा. निर्णयाची पारख एका निकालावरून करायची नसते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे तेच करतात. रिव्ह्यूअरसुद्धा. रामोसकडूनही लोकांनी पुढे प्रत्येक सामन्यात हॅट्‌ट्रिकचीच अपेक्षा ठेवली, पण असाधारण दिवसानंतर साधारण दिवस येतो, त्याला काही कारण लागत नाही.

खिडकी कुठे उघडायची

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीचं आहे.

युरो २०२४ मध्ये रोनाल्डो पाचही सामन्यांत पहिल्या अकरात होता आणि त्याने एकही गोल केला नाही. स्लोव्हेनियाविरुद्ध अतिरिक्त वेळेत त्याची पेनल्टी यान ओब्लाकने अडवली आणि तो मैदानावरच रडला. ते दृश्य बघून जगाने निकाल दिला.

समजा, आपल्यापुढे दोन शक्यता आहेत. एक, "चांगला रोनाल्डो": अशा स्पर्धेत सामन्याला सरासरी ०.५ गोल. दोन, "उतरलेला रोनाल्डो": सामन्याला सरासरी ०.३ गोल. हे दोन्ही आकडे मी समजुतीसाठी धरलेत. गोल ही तुरळक घडणारी घटना असल्यामुळे पॉयसाँ वितरण ढोबळमानाने चालतं. मग पाच सामन्यांत शून्य गोल होण्याची शक्यता किती? चांगल्या रोनाल्डोसाठी सुमारे ८ टक्के. उतरलेल्यासाठी सुमारे २२ टक्के.

म्हणजे चांगला खेळाडूही साधारण बारातल्या एका स्पर्धेत असा कोरडा जाईल. पुरावा "उतरला" या बाजूला झुकतो हे खरं, पण किती? २२ भागिले ८, साधारण पावणेतीन पट. आधीच तुमचं मत पन्नास-पन्नास असेल तर ते पंच्याहत्तरच्या आत राहायला हवं. लोकांचं थेट शंभरावर गेलं.

आता त्यानंतरची २०२४-२५ ची नेशन्स लीग जोडा. तिथे त्याने ९ सामन्यांत ८ गोल केले. एकूण १४ सामने, ८ गोल. तेच दोन रोनाल्डो घेऊन पुन्हा हिशेब केला तर पुरावा उलटा फिरतो: आता "चांगला" ही शक्यता साधारण साडेतीन पटीने जास्त पटते. खेळाडू तोच, गणित तेच, फक्त खिडकी मोठी केली.

मग मोठी खिडकी बरोबर का? तसंही नाही. युरोतले प्रतिस्पर्धी आणि नेशन्स लीगमधले पोलंड-स्कॉटलंड एका तराजूत घालता येत नाहीत. शिवाय ही १४ सामन्यांची खिडकी मीच निवडली, कारण ती माझ्या मुद्द्याला सोयीची होती. तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं, "युरोच्या आधीचे सामने का नाही घेतले?" आधीची पात्रता फेरी घेतली तर त्याचे आणखी १० गोल आत येतात, बहुतेक दुबळ्या संघांविरुद्ध. खिडकीची चौकट डेटा बघायच्या आधी ठरवायची असते. नंतर ठरवली तर हवं ते दिसतं, आणि त्यात आपण कुणाला फसवतोय असंही वाटत नाही, ही खरी अडचण आहे.

चाळिशीतले बाकीचे कुठे गेले?

वयाबद्दल एक हमखास युक्तिवाद: "रॉजर मिला बघा!" कॅमेरूनचा मिला १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये ३८ वर्षांचा होता आणि त्याने चार गोल केले. १९९४ मध्ये ४२ व्या वर्षी रशियाविरुद्ध आणखी एक. वय म्हणजे नुसता आकडा!

मिला आपल्याला दिसतो कारण तो टिकला. त्याच्या पिढीचे शेकडो स्ट्रायकर पस्तिशीच्या आत घरी बसले, त्यांचा अडतिसाव्या वर्षीचा डेटा अस्तित्वातच नाही. म्हणून "चाळिशीतले खेळाडू कसे खेळतात" याची सरासरी काढली तर ती फसवी चांगली येते, त्यात फक्त असामान्य लोक उरलेले असतात. उपाय म्हणून एकाच खेळाडूची त्याच्याच मागच्या वर्षाशी तुलना करतात. तेही पुरतं निर्दोष नाही, कारण ज्याचं वर्ष फारच वाईट गेलं त्याला पुढचं वर्ष मिळतच नाही.

आणि मिलाचा दाखला देणारे दोन गोष्टी गाळतात. १९९० चे चारही गोल त्याने बदली म्हणून उतरून केले होते. आणि १९९४ चा तो विक्रमी गोल झाला त्या सामन्यात कॅमेरून १-६ ने हरला. म्हणजे मिला हा "म्हाताऱ्याला पहिल्या अकरात घ्या" याचा पुरावा नाहीच. झालाच तर शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवण्याचा आहे. इथेही सावध राहा. बदली खेळाडूचा मिनिटामागे गोलचा दर चढा दिसतो, कारण तो ताजा असतो आणि समोरचे बचावपटू दमलेले असतात. तो दर नव्वद मिनिटांना गुणून चालत नाही.

जाता जाता: याच पोर्तुगालच्या संघात पेपे होता. युरो २०२४ खेळला तेव्हा तो ४१ वर्षांचा, म्हणजे रोनाल्डोपेक्षाही मोठा. त्याच्या वयावरून जगभर भांडणं झालेली आठवतात? वाद कशावर होतो आणि कशावर होत नाही, हाही डेटाच आहे. बचावपटूचं उतरणं मोजायला सोपा आकडा नाही, स्ट्रायकरचं गोलच्या रकान्यात रोज दिसतं. आपण जे मोजता येतं त्याच्यावर भांडतो.

त्याच्याऐवजी कोण?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. "रोनाल्डो चांगला आहे का" याने संघनिवड होत नाही. "रोनाल्डो की रामोस" याने होते. तुलनेचा दुसरा हात नसेल तर प्रश्न अर्धाच आहे.

हे मला आपल्याच देशाच्या उदाहरणाने जास्त पटलं. सुनील छेत्री, जन्म १९८४, म्हणजे रोनाल्डोपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतशी ०-० करून तो निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध ३-० च्या विजयात त्याने गोलही केला. सहा दिवसांनी तिथेच बांगलादेशशी ०-०. आपल्याकडेही तोच वाद पेटला: चाळिशीतल्या माणसाला परत आणता, लाज नाही वाटत?

पण इथे तुलनेचा दुसरा हात वेगळा आहे. पोर्तुगालकडे रामोस बाकावर बसलेला असतो. आपल्याकडे त्या आयएसएल मोसमात सगळ्या भारतीयांमध्ये सर्वाधिक गोल चाळिशीतल्या छेत्रीचेच होते, कारण क्लब पुढची जागा बहुतेक परदेशी स्ट्रायकरला देतात आणि भारतीय पोरं विंगवर जातात. दोघांचं वय जवळपास एकच. तरीही रोनाल्डोबद्दल "बसवा" आणि छेत्रीबद्दल "खेळवा" ही दोन्ही मतं एकाच वेळी बरोबर असू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याला, सिंगापूरकडून १-२ हरून आपण आशिया कपच्या शर्यतीतून बाहेर पडलो, तेव्हा रागाचा रोख पुन्हा त्याच्या वयाकडे गेला. छेत्री नसता तर कोण, हे विचारणारे फार कमी होते.

म्हणून आता विषयाचा प्रश्न करून बघते. "रोनाल्डो संपला का?" याऐवजी: "तगड्या संघांविरुद्धच्या सामन्यांत, सुरुवातीपासून रामोसऐवजी रोनाल्डो खेळल्यास पोर्तुगालला चालू खेळातून, म्हणजे पेनल्टी वगळून, मिळणाऱ्या गोलच्या संधींचा दर्जा बदलतो का?" लांबलचक आहे, मान्य. चहाच्या टपरीवर कुणी असं बोलणार नाही. पण यात कोण, कशाच्या तुलनेत, कुठल्या परिस्थितीत आणि काय मोजायचं, हे सगळं आहे. गोलऐवजी संधींचा दर्जा घेतला, कारण गोल फार तुरळक होतात. प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता देणारं एक्सपेक्टेड गोल्सचं माप तेवढ्यासाठीच आलं. दहा मीटरवरून समोरासमोरचा फटका आणि तीस मीटरवरून मारलेला, दोन्ही "गोल नाही" असले तरी सारखे नसतात. आणि पेनल्टी वगळली, कारण ती घ्यायला संघात दुसरा कोणीही असतोच.

तुमचा सिनॉप्सिसचा प्रश्न असा लांब आणि जरा कंटाळवाणा झाला असेल तर बहुधा तो बरोबर वाटेवर आहे.

शेवटी माझं मत. इतका वेळ कुंपणावर बसून लिहिलं असं वाटायला नको. मला वाटतं, दुबळ्या संघांविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला तरी फरक पडणार नाही. बाद फेरीत तगड्या संघासमोर मात्र रामोसने सुरुवात करावी आणि रोनाल्डोने साठाव्या मिनिटानंतर यावं. हे वरच्या आकड्यांनी सिद्ध झालेलं नाही, हा माझा अंदाज आहे. बरेचसे संशोधन अशाच अंदाजांनी सुरू होतात. फरक इतकाच की आपण तो निकालाआधी लिहून ठेवतो, आणि कशाने मत बदलेल तेही लिहितो. माझं मत बदलेल, जर या वर्ल्ड कपमध्ये तगड्या संघांविरुद्ध तो पहिल्या अकरात असताना चालू खेळातून येणाऱ्या संधी तो नसतानाच्या इतक्याच किंवा जास्त चांगल्या निघाल्या. सामने दोन-तीनच असतील, त्यामुळे थोडंच बदलेल. त्याच्या एका गोलने बदलणार नाही आणि चुकलेल्या एका पेनल्टीने पक्कंही होणार नाही.

तुम्हीही तुमचं लिहून ठेवा, वर्ल्ड कपच्या पहिल्या सामन्याआधी, वहीत, तारीख घालून.